शंभर यार्ड आणि कारखान्याचे घड्याळ

१९५८ सालच्या जुलैमधला पहिला शनिवार. रक्कम एकशे चाळीस रुपये. हजर चौघे: शाळेच्या मुख्याध्यापिका मदर, खेळ शिकवणाऱ्या सिस्टर, पिंपरीत लाकडाची वखार असलेले एक पालक, आणि मी. शाळा कॅथलिक नन्सची, मुलींची, चिंचवड स्टेशनपासून पंधरा मिनिटांच्या चालीवर. खेळांसाठी म्हणून पालकांनी वर्गणी काढून ही रक्कम दिली होती. डिसेंबरात पुण्याला आंतरशालेय सामने होते आणि तिथे आपल्या मुलींचा रिलेचा संघ पहिल्यांदाच उतरवायचा, असे त्या दिवशी ठरले.

सिस्टरांनी खर्चाची यादी वाचली. तिच्यात शेवटी स्टॉपवॉच होते, किंमत नव्वद रुपये.

"नव्वद रुपयांत माझ्या घरच्या भिंतीवरची दोन घड्याळं येतील, राव," वखारवाले म्हणाले. "पोरी पळतात ते डोळ्यांना दिसत नाही का?"

डोळ्यांना दिसले नसते, कारण मैदान खडकाळ होते. शंभर यार्डांची एकच चिंचोळी पट्टी दगड वेचून साफ करता येणार होती आणि तिच्यावरून एका वेळी एकच मुलगी पळू शकत होती. कोण कोणापेक्षा पुढे हे घड्याळाशिवाय कळायला मार्ग नव्हता. मी म्हणालो, घड्याळ विकत घेऊ नका, आमच्या कारखान्यात आहे, दर शनिवारी अर्धा दिवस भरून सुटल्यावर मी घेऊन येईन. सिस्टर एवढ्या खूश झाल्या की त्यांनी तिथल्या तिथे हात जोडून देवाचे आभार मानले. माझे नंतर मानले.

मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होतो. तीन मुली, त्यातली मधली या शाळेत आठवीत. कारखान्यात मी दर ठरवणाऱ्या खात्यात होतो. कामगार एक नग किती वेळात करतो ते त्याच्या मशिनपाशी उभे राहून घड्याळाने मोजायचे आणि त्यावरून नगाचा दर बसवायचा, हे माझे काम. अकरा वर्षे मी ते करत होतो. मी आलो की गाणे म्हणणारा माणूससुद्धा गप्प व्हायचा. घड्याळासमोर कामगार हात आखडता घेतो हे आम्हालाही माहीत असे, म्हणून कागदावर वेळ लिहिताना पाच-दहा टक्के मनाने कमी करायचे. तेही त्यांना माहीत असे, म्हणून ते आणखी थोडे सावकाश करायचे. आठवडाभर हे केल्यावर शनिवारी दुपारी जेवून आडवे व्हावे एवढीच माझी इच्छा असायची. त्याऐवजी मी मॅनेजरांची लेखी परवानगी काढली, दर शनिवारी रजिस्टरमध्ये सही करून घड्याळ घ्यायचो, आणि डब्यातली भाकरी शाळेच्या कुंपणाशी उभ्याउभ्या खायचो.

संघात चार मुली घ्यायच्या होत्या. मदरनी प्रार्थनेच्या वेळी जाहीर केले की या चौघींना फी माफ होईल. फी महिना तीन रुपये होती. काही घरांना तीन रुपये काहीच नव्हते. एका घरी त्यावर सगळे अडले होते.

ती मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गातली, तळवड्याची. रोज शेतांतून चालत यायची. वडील आमच्याच कारखान्यात लेथवर होते, जुने शेतकरी घराणे, जमीन भावाभावांत वाटून पाचवा हिस्सा राहिलेला. त्यांनी घरी सांगून ठेवले होते की मागची दोन पोरे आता शाळेत जायची झाली, हिची फी माफ झाली तर ठीक, नाहीतर दिवाळीपर्यंत शाळा पुरे. हे मला माझ्या मुलीने सांगितले. सांगताना तिचा स्वर असा होता की जणू मी घड्याळाचा काटा हाताने ढकलू शकतो.

तीन शनिवार मी वेळा घेतल्या. अनवाणी पाय, परकर खोचलेले, पायांखाली मुरूम. बावीस मुली होत्या. पहिल्या चौघींच्या वेळा चौदा सेकंद दोन दशांशपासून पंधरापर्यंत आल्या. तळवड्याची मुलगी पाचवी. तिच्या तीन वेळा: पंधरा चार, पंधरा सहा, पंधरा चार.

मी यादी लिहून सिस्टरांकडे दिली. त्या बराच वेळ पाचव्या नावाकडे पाहत राहिल्या.

"ही पोर उंच आहे, पाय बघा किती लांब," त्या त्यांच्या कोकणी वळणाच्या मराठीत म्हणाल्या. "मला वाटलं होतं हीच पहिली येणार."

"घड्याळात आलं ते लिहिलं," मी म्हणालो.

चौथ्या शनिवारी वेळा संपल्या होत्या. मी घड्याळ कोटाच्या खिशात टाकले होते आणि मुली सुरुवातीच्या रेषेपाशी चपला शोधत होत्या. तेवढ्यात पट्टीच्या पलीकडच्या टोकाशी एक म्हैस कुंपणातून आत शिरली आणि उडीसाठी आणून टाकलेल्या वाळूत लोळायला बसू लागली. सिस्टर ओरडल्या. तळवड्याची मुलगी रेषेवरूनच सुटली. माझा अंगठा खिशात आपोआप दाबला गेला.

ती म्हशीपाशी पोचली तेव्हा मी पुन्हा दाबला. नंतर खिशातल्या खिशात घड्याळ तिरके करून पाहिले. तेरा सेकंद सहा.

आमच्या खात्यात एक नियम होता, आणि तो मला पटलेला होता: माणसाला न सांगता त्याची वेळ घ्यायची नाही. काही जण घेत. खिशात घड्याळ, तोंडाने गप्पा. मी अकरा वर्षांत एकदाही घेतली नव्हती. आज घेतली होती, तीही तेरा वर्षांच्या मुलीची. तो आकडा मी कुठेही लिहिला नाही. पण त्या दिवशी मी जुन्या तीन वेळांकडे नीट पाहिले. इतर मुलींच्या वेळा अर्ध्या-पाऊण सेकंदाने वरखाली होत होत्या, कारण मुली कधी दमतात, कधी ठेचकाळतात. हिच्या तिन्ही वेळा दोन दशांशांत होत्या. असे एकसारखे आकडे मी एकाच ठिकाणी पाहिले होते, मुरलेल्या कामगाराच्या मशिनवर, मी समोर उभा असताना. हे मला तिसऱ्या शनिवारीच दिसायला हवे होते. दमलेला होतो, म्हणून दिसले नाही, असे म्हणता येईल. पण त्याच दमलेपणात मी तिला पाचवी ठरवून टाकले होते.

मी तिला बाजूला बोलावले. सिस्टर जवळच होत्या.

"बाळ, घड्याळ लावल्यावर तू सगळा जोर लावत नाहीस. खरं ना?"

तिने आधी सिस्टरांकडे पाहिले, मग जमिनीकडे. "आबा म्हनले, घड्याळ असंल तर समदं दावायचं न्हाई."

"का?"

"दावलं की तेवढंच धरत्यात, म्हनले."

सिस्टरांना काही कळले नाही. मला सगळे कळले.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी तिच्या वडिलांना, म्हणजे आबांना, गाठले. ते आणखी तिघांबरोबर पाण्याच्या टाकीशी बसले होते. मला पाहून एक जण म्हणाला, "घ्या, घड्याळबाबा आले. आता घास किती मोजून खायचे तेबी सांगतील." सगळे हसले. तिचे वडील हसले नाहीत. उठून माझ्याबरोबर भिंतीच्या सावलीत आले.

मी म्हणालो, "अहो, मुलगी पहिल्या चारांत सहज येईल. तिला पळू द्या."

"पळंल की. पन सायब, आज चौदात पळाली, तर उद्या तुमी साडेतेरा मागनार."

"ही शाळा आहे. इथं दर बसवायचा नाही."

"व्हय? मंग फी माफ कशाची? पळन्याची का शिकन्याची?" ते पुढे बोलले. "फुडच्या साली पाय मुरगळला, न्हाईतर दुसरी कोन जोरदार पोर आली, तवा माफी ऱ्हाती का? त्येवढं इचारून सांगा. मी तिला आडवनार न्हाई. पन आधी इचारा."

"पण आता पाचवी राहिली तर दिवाळीला शाळा सुटेल, त्याचं काय?"

"ती पाचवी ऱ्हाईल आसं मला कुटं ठावं हुतं?" ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मला वाटलं, चवथी येईल. चवथी बरी. चवथीकडं कोन बघत न्हाई."

चौथ्या जागेचा त्यांचा हिशेब होता, आणि तो चार दशांशांनी चुकला होता. पण प्रश्न चुकीचा नव्हता.

मदरना मी दुसऱ्या दिवशी भेटलो. त्यांना हा सगळा प्रकार आधी विनोदी वाटला, मग वाईट वाटला. "आमची शाळा काही कारखाना नाही," त्या म्हणाल्या.

"मग मॅट्रिकपर्यंत माफ, असं लिहून द्या."

त्यांनी मला स्पष्ट सांगितले, आणि त्या स्पष्टपणाबद्दल मला आजही त्यांच्याविषयी आदर आहे. माफीच्या जागा चारच आहेत. त्या संघातल्या मुलींसाठी म्हणून मिशनकडून मागून घेतल्या आहेत. जी मुलगी संघात नाही तिला ती जागा कशी देणार? एक वर्षाचे लिहून देते, पाय मोडला तरी वर्षभर माफ. पुढच्या वर्षी पुन्हा निवड.

म्हणजे त्या लेथवरच्या माणसाने जे सांगितले होते तेच, फक्त चांगल्या भाषेत. मी वाद घातला. वखारवाल्यांनाही बोलायला लावले. ते म्हणाले, "मदर, पोरगी म्हणजे काय रंधा आहे, बोथट झाला की बदलायचा?" मदर रागावल्या, पण बधल्या नाहीत. एक वर्षाचा कागद मात्र त्यांनी सही करून दिला.

तो घेऊन मी पुन्हा टाकीपाशी गेलो आणि पुढच्या वर्षाचे जसे होते तसे सांगितले. गोड करून सांगण्याचा मला कंटाळा आला होता. त्यांनी कागद दोनदा वाचून घेतला.

"एक वरीस. बरं हाय," ते म्हणाले. "आमचा रेट तुमी सहा म्हैन्यांत बदलता."

शनिवारी मुलगी रेषेवर उभी राहिली. मी घड्याळ वर धरून तिला दाखवले.

"काका, आता समदं?" तिने विचारले.

"समदं."

तेरा चार. सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या नंबरावरची मुलगी यादीतून गेली, पण तिच्या वडिलांचे स्टेशनजवळ दुकान होते आणि तिला फीची ददात नव्हती. तरी ती कुंपणाशी रडत होती, हे मी पाहिले. याद्या मी करत होतो, तेव्हा तेही माझ्याच खात्यावर.

पुण्याला डिसेंबरात आमचा संघ सहा शाळांत चौथा आला. बाकीच्या शाळांच्या मुलींनी कॅनव्हासचे बूट घातले होते. परतताना मुली पिंपरीपर्यंत गात होत्या. मला गाडीत झोप लागली आणि चिंचवडला सिस्टरांनी हलवून उठवले.

पुढच्या जूनमध्ये निवड पुन्हा झाली. रेल्वेत बदली होऊन आलेल्या एका माणसाच्या दोघी मुली शाळेत दाखल झाल्या होत्या. दोघी वेगवान. जुन्या संघातल्या दोघींनीही वर्षभराच्या सरावाने आपली वेळ साडेतेराच्या आत आणली होती. तळवड्याच्या मुलीने काही राखून ठेवले नाही, हे मी शपथेवर सांगेन; तिची वेळ तेरा पाच होती. एवढ्या वेळेवर मागच्या वर्षीही पहिली जागा मिळाली असती. या वर्षी ती पाचवी आली. वेळ मीच घेतली, मीच लिहिली.

मी मदरकडे गेलो. त्यांनी हात पसरून दाखवले, जागा चार. मग मी टाकीपाशी गेलो. ही माझी तिसरी खेप. या वेळी मी खिशातून माझे पैसे काढले आणि म्हणालो की नववीचे वर्ष माझ्याकडून होऊ द्या.

"ठेवा ते," तिचे वडील म्हणाले. "तुमाला तीन पोरी हायेत."

"पण तुम्ही तर म्हणाला होता, माफी गेली की शाळा बंद."

"म्हनलो हुतो. तवा ती आठवीत हुती. आता नववीत गेली, इंग्रजी वाचती, धाकट्यांना शिकिवती. आता मधीच कुटं उतरवू?" मग ते म्हणाले, "रविवारचा ओव्हरटाइम घेतलाय. तेवढं माज्या मशिनपाशी रविवारी घड्याळ घिऊन येऊ नका."

मी रविवारी कारखान्यात जात नसे. तरी मी त्यांना शब्द दिला.

नववीची फी अकरा महिन्यांची तेहतीस रुपये झाली. ती त्यांनी तीन हप्त्यांत, दर वेळी अकरा रुपये, शाळेच्या कारकुनाच्या हातात स्वतः जाऊन भरली.