लाखोरीचा दोष

आसगावात कुंताबाईच्या हातचे लाखोरीचे वडे ज्याने खाल्ले नाहीत, तो एक तर तालुक्याबाहेरचा असेल, नाही तर तिच्याशी भांडलेला. भांडलेलेही कमी नव्हते, कारण बाईची जीभ तिखट. दिवाळीच्या आगेमागे, धान अजून उभा असतानाच, ती ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरायची आणि धानाच्या बुडाशी लाखोरीचं बी फेकत जायची. धान कापून होतो न होतो तोच खालून लाखोरी हिरवीगार वर आलेली असायची. नांगर नाही, पाणी नाही, खत नाही. "फुकटची लक्ष्मी," म्हणायची ती. कोवळी असताना तिची भाजी, वाळली की डाळ, सणाला वडे. नवरा श्यामराव कधीतरी म्हणायचे, "एखाद दिवस तुरीची डाळ बी दाखव वो." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं. "तुरीवाली करून आणा मंग दुसरी." श्यामराव हसायचे आणि भातावर लाखोरी वाढून घ्यायचे.

श्यामराव गावात ओळखले जायचे ते पेंढी फेकण्यासाठी. रोवण्याच्या दिवसांत बायका चिखलात वाकून धानाची रोपं लावतात, आणि बांधावरच्या गड्याने रोपांची पेंढी ज्या बाईजवळची संपली तिच्या पुढ्यात टाकायची असते. अलीकडे पडली तर तिला चिखल तुडवत मागे यावं लागतं. फार जवळ पडली तर तोंडावर चिखल उडतो, आणि मग त्या गड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. श्यामरावांच्या पिढ्या आजवर सुखरूप राहिल्या होत्या.

गेल्या वर्षीच्या रोवण्यात मात्र त्यांची पेंढी अर्ध्यातच पडायला लागली. शेजारची बेबीबाई चिखलातून ओरडली, "काहून जी भाऊजी, कुंतानं भाकर नाही देल्ली का?" सगळ्या हसल्या, श्यामरावही हसले. पोळ्यापर्यंत त्यांना सदऱ्याची बटणं लावता येईनात. अंगठ्याजवळचं मांस बसून गेलं. कुंताबाई रोज संध्याकाळी हाताला जवसाचं तेल चोळू लागली, तेव्हा तिला दिसलं की कातडीखाली दंडाचं मांस आपोआप फुरफुरतंय. थांबतं, पुन्हा फुरफुरतं. तिला केवढा आनंद झाला! बसलेला बैल कातडी थरथरवतो तोवर त्याची आशा सोडायची नाही, हे तिने बापाकडून ऐकलेलं. तिने बेबीबाईला हाक मारून दाखवलं. "पाह्य, जीव येऊन राहिला हाताले." बेबीबाईनेही निरखून पाहिलं आणि मान डोलावली. पुढे फुरफुर दुसऱ्या हातात आली, मांडीत आली, जिभेवर आली. कुंताबाई तेल वाढवत गेली. त्या दिवसांत ती किती खुशीत होती, हे आठवलं की अंगावर काटा येतो.

नागपूरच्या डॉक्टरीण बाईंनी ती फुरफुर पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. पवनीला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली हर्षा, कुंताबाईची एकुलती एक पोर, सोबत होती. श्यामरावांना बाहेर बाकावर बसवून बाईंनी दोघींना सांगितलं. आजार मोटर न्यूरॉनचा. मेंदू आणि पाठीच्या कण्यातल्या ज्या पेशी स्नायूंना हलवतात, त्याच मरत चालल्यात. एका पेशीकडून दुसरीला निरोप जातो तो एका रसायनामार्फत, ग्लुटामेट त्याचं नाव. निरोप पोचला की ते रसायन उचललं जायला हवं. या आजारात ते साचून राहतं असं दिसतं, आणि पेशी नको तितक्या चेततात.

"बांधीतलं पाणी काढलं नाही तर धान सडते, तसं?" कुंताबाईने विचारलं.

"तसंच समजा. ती फुरफुर म्हणजे जीव येणं नाही, मावशी. मरणाऱ्या पेशींची ती धडपड आहे." त्यांनी एक गोळी लिहून दिली. ती या रसायनाला थोडा आवर घालते, आजार थोडा लांबवते, बरा करत नाही. पुढे बोलणं जाईल, गिळणं जाईल, शेवटी श्वास. कशाने झालं, ते बहुतेकांच्या बाबतीत कळतच नाही.

गावी परतल्यावर श्यामरावांना दोघींनी एवढंच सांगितलं की नसांची कमजोरी आहे, गोळी चालू ठेवायची.

भावाला पाहायला कारध्याहून नणंद आली, वच्छला. भावाचे हात पाहून तिने हंबरडा फोडला, आणि डोळे पुसता पुसता वहिनीकडे वळली. "लाखोरी खाऊन माणूस लुळा होते, आपला आजा सांगे. मांगं सरकारनं तिच्या विक्रीवर बंदी कायले घातली होती? माह्या भावाले तू जन्मभर तेच चारलं!" कुंताबाईने एरवी तिला अंगणातूनच वाटेला लावली असती. आज तिने नणंदेपुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

दुसऱ्या दिवशी हर्षाने मोबाइलवर शोधलं आणि वाचून दाखवलं. लाखोरीत खरंच एक द्रव्य असतं, आणि ते डॉक्टरीण बाईंनी सांगितलेल्या रसायनासारखंच पेशींना चेतवतं. महिनोन्महिने दुसरं काही न खाता नुसती लाखोरी खाल्ली तर पाय ताठतात. "पण लाखोरी बंद केली का तो आजार सहसा तिथंच थांबते, असं लिहून हाय."

"थांबते?"

"सहसा, माय. पण बाबाचं तसं..."

पुढचं कुंताबाईने ऐकलंच नाही. दुसरी बाई असती तर ऊर बडवून घेतला असता. हिला जणू देव भेटला. आपण केलं असेल तर आपल्यालाच ते थांबवता येईल! ती तशीच शेतात गेली आणि फुलावर आलेली सगळी लाखोरी उपटून बांधावर टाकली. घरातली डाळ नदीत नेऊन ओतली. वाटेत जो भेटला त्याला तिने आपल्या तोंडाने सांगितलं, "मीच चारली, मीच केलं. आता बंद केली, आता थांबते." घरी येऊन नवऱ्यालाही तेच सांगितलं.

श्यामरावांची जीभ जड झाली होती, शब्द चिकटत होते. "मी म्हणे ना तुले... तुरीची कर म्हणून." जन्मात तिच्यावर आवाज न चढवलेला माणूस. त्या संध्याकाळी कुंताबाईने भाताचा घास पुढे केला, तर त्यांनी तोंड फिरवलं. "हर्षाले बोलाव." त्या दिवसापासून ते तिच्या हातचा घास घेईनात. हर्षा भरवायची तेव्हा मात्र पोटभर जेवायचे, पायात जोर वाटतो म्हणायचे. कुंताबाई चुलीपाशी बसून ऐकायची. रडू यायचं, पण त्यातही बरं वाटायचं.

पुढच्या खेपेला नागपुरात तिने डॉक्टरीण बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "नाही हो मावशी. भातासोबत डाळ खाऊन हे होत नाही, आणि लाखोरीचा आजार असा पसरतही नाही. यांचा आजार वेगळा आहे. तुमचा काही दोष नाही."

"मॅडम, एकडाव आणखीन तपासा ना. मी लई चारली जी. रोज चारली."

"तुमचा दोष नाही, मावशी."

कुंताबाईने वाकून त्यांचे पाय धरले. "असं नका म्हणू जी. माह्यानंच झालं म्हणा. काही बी म्हणा, पण थांबन म्हणा." माणसं दोष झटकायला देवाधर्माच्या शपथा घेतात, आणि ही बाई पदर पसरून दोष मागत होती. डॉक्टरीण बाईंनी तिला उठवलं. त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं.

बाहेर बाकावरून श्यामरावांनी विचारलं, "का म्हनली?"

हर्षा भिंतीकडे बघत होती. कुंताबाईने डोळे पुसले. "लाखोरीच म्हणते जी. माह्यानंच झालं म्हणते. आता वाढत नाही."

श्यामरावांनी डोळे मिटले. चेहरा मोकळा झाला. परतीच्या वाटेवर पवनीपर्यंत ते बायकोशी एक अक्षर बोलले नाहीत.

पण आजार कोणाच्या बोलण्याने थांबतो होय? होळी झाली तशी मान धरवेना. भात गेला, पेज आली. तीही कधी नाकातून परत यायची. बोलणं म्हणजे नुसता घशातला आवाज उरला. तरीही कुंताबाई वाटी घेऊन जवळ आली की ती लुळी मान जोर करून वितभर तरी भिंतीकडे वळायची.

हर्षाला ते पाहवेना. "माय, सांगून टाक ना बाबाले. तू काहीच नाही केलं. काहून उगाच सोसून राहिली?"

"राग हाय तोवर त्याहीले वाटते का बरं होईन," कुंताबाई म्हणाली. "राग घेऊन घेतला मी, तर त्याहीच्यापाशी उरन काय?"

चैतात हर्षाला परीक्षेसाठी सकाळीच पवनीला जावं लागलं. कुंताबाईने पेज पातळ केली, गाळली, कोमट केली आणि भीत भीत खाटेशी गेली. उपाशी राहतील पण तोंड उघडणार नाहीत, हे तिला माहीत होतं. जबरदस्ती करावी लागेल म्हणून तिने मन घट्ट केलं होतं.

श्यामरावांनी मान वळवली नाही. पूर्वी बघायचे तसे ते तिच्याकडे बघत राहिले, आणि त्यांनी तोंड उघडलं.

तिच्या हातातला चमचा वाटीतच राहिला. "तोंड फिरवा जी," ती म्हणाली. "हर्षाचे बाबा, फिरवा ना तोंड. माह्यानंच झालं हाय."

ते तसेच तोंड उघडून वाट बघत राहिले. शेवटी तिने पेजेचा चमचा भरला.