भर दुपारी लागलेले हेडलाइट

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. घरात माझ्यावर कोणाचा नाही, ती गोष्ट वेगळी... इथे भुताचे अनुभव लिहिणारे सगळे अशीच सुरुवात करतात आणि मी ते वाचून हसायचो. म्हणून आज लिहिताना जरा लाजच वाटतेय.

आम्ही नवीन जालन्यात राहतो, स्टेशनच्या जवळ. माझी मोठी बहीण, अक्का, परतूरहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आल्ती. माणूस आवाजावरून ओळखायची, पण भीती एवढी की आधी एकदा दवाखान्याच्या दारातून परत फिरलेली. आता लांबवलं तर अवघड होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

अक्का आली त्याच दिवशी मी गाडीला बाजारातून चोरीचा अलार्म बसवून आणला—घरच्यांचा विरोध डावलून. नवीन वस्तू म्हणून अक्कानं गाडीची पूजा केली. आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी सुरू केली की भर उन्हात हेडलाइट चालू! आमचे लाइट ऑटोमॅटिक, अंधार पडला की आपोआप लागणारे. त्यांना दुपारीच अंधार दिसू लागला. समोरून येणारा प्रत्येक रिक्षावाला हाताची मूठ उघडमीट करून मला खुणावायचा. मीही हात हलवून नमस्कार करायचो.

अलार्मवाल्याकडे गेलो. त्यानं अलार्म पूर्ण काढून ठेवला, तरी दिवे चालूच. मग मी व्हिडिओ बघून स्वतः फ्यूज बदलले. दिवे तसेच, हॉर्न मात्र बंद पडला. बायको म्हणाली, निदान शांतता तरी झाली.

अक्काला मात्र हसू येईना. "गाडीला दिवसा रात दिसून राह्यली, बापू. हा इशाराच हाय. मी त्या गाडीत बसणार न्हाई, आन डोळ्यालाबी कोणाला हात लावू देणार न्हाई."

रिक्षानं जाऊ म्हटलं, तर त्यालाही नाही. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

मी रुसून गाडीत जाऊन बसलो, एसी लावून. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये, समोरच्या भिंतीवर हेडलाइटचे दोन गोळे. डॅशबोर्डवरून मुंग्यांची रांग चाललेली... काचेजवळ एक काळा, गोल उंचवटा आहे, तिकडे. पूजेच्या वेळी अक्काच्या अंधुक नजरेला तो महादेवाची पिंड वाटला होता. त्यावर तिनं गंधाचा जाड थर दिला होता, वर गुळाचा खडा. सगळी गाडी आम्ही पुसली, पण पूजेचं कोण पुसणार? मी मुंग्या झटकायला रुमाल मारला. गंधाची खपलीच निघाली.

भिंतीवरचे गोळे विझले.

अंगठा ठेवला—लागले. काढला—विझले. उजेड ओळखणारा गाडीचा डोळा तोच! मी लहान मुलासारखा ओरडत घरात गेलो आणि अक्काला हाताला धरून आणलं. उजेड-अंधार तेवढा तिला कळायचा. तिचं बोट त्या उंचवट्यावर ठेवलं. ती बराच वेळ दिवे लावत राहिली, विझवत राहिली.

"मंग मीच झाकला म्हण की तिचा डोळा."

"हो. खपली काढली, झालं. तुझंही तेवढंच आहे."

"दुखलं का रे तिला?"

"हॉर्नसुद्धा वाजवला नाही तिनं."

अक्का हसली. सकाळी स्वतः पुढच्या सीटवर जाऊन बसली.

इथपर्यंत सगळं समजण्यासारखं आहे. पुढचं नाही.

ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टी निघाली. आम्ही पहिल्या मजल्यावर, खिडकीखाली दवाखान्याचं पार्किंग. अक्कानं आधी मला नीट न्याहाळलं. "केवढा म्हातारा झालास रे," म्हणाली. मग खिडकीबाहेर पाहिलं.

"बापू, तुझ्या गाडीचे दिवे चालू हायेत."

मी म्हटलं, गाडी बंद आहे.

"ती पांढरी, कडुलिंबाजवळची. बराबर दिसून राह्यले मला."

मी वाकून पाहिलं. गाडी बंद, कुलूप लावलेलं, चावी माझ्या खिशात, अलार्म अजून त्या दुकानातच पडलेला... आणि दोन्ही हेडलाइट लख्ख चालू. धावत खाली गेलो तोवर विझले होते. काचेला हात लावला, गरम होती. पण त्या उन्हात सगळंच गरम होतं.

त्यानंतर असं कधी घडलं नाही. मेकॅनिकनं हॉर्न चालू करून दिला, वायरिंग तपासलं, काही सापडलं नाही. मलाही आजवर कारण कळलेलं नाही. अक्का आता परतूरला स्वतः सुईत दोरा ओवते. तिला विचारलं की ती एवढंच म्हणते, "कसे लागले ते तू शोध. मला दिसले."