भिजलेल्या चण्यांचा वास

रोज सकाळी शिवणमावशी भिजलेल्या काबुली चण्यांवरचं झाकण उचलून वास घ्यायच्या. आंबूस आला तर चणे फेकायचे, नाहीतर शिजायला लावायचे. गणवेशांच्या कारखान्यात जन्म गेलेला, तिथेही कापड करपायच्या आधी, नुसत्या वासावरून, मशीनवरून मान न वळवता ओरडायच्या, “इस्त्री उचला रे.”

काम सुटल्यावर त्या हमस, म्हणजे काबुली चण्यांची अरबी चटणी, करायला शिकल्या, लेकीला आवडतं म्हणून. चिमूटभर सोडा टाकून उघड्या पातेल्यात चणे गाळ शिजवायचे, गरम असतानाच चोळून सालं काढायची, मग वाटलेले तीळ, लिंबू, लसूण घालून मिक्सरमध्ये लोण्यासारखं फिरवायचं.

थंडीत ताप आला. ताप उतरला, पण नाकाला वास यायचा बंद झाला तो झालाच. मावशींनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. एवढंसं निमित्त मिळालं असतं तर लेकीने त्यांना या घरातून उचलून नेलं असतं. झाकण उचलणं चालूच राहिलं. खाली वाकायच्या, जरा थांबायच्या, पातेलं गॅसवर चढवायच्या.

“आई, तीळ खवट झालेत गं,” लेक एकदा म्हणाली.

“तुझीच जीभ खवट झालीय.”

लेक हसली. हमसचा डबा मात्र तिने नेला नाही.

मग एका दुपारी शेजारीण नाकाला रुमाल लावून धावत आत आली. सोड्याचा फेस उतू जाऊन शेगडी विझली होती, गॅस सुटला होता आणि मावशी तिथेच बसून लसूण सोलत होत्या. शेजारणीने बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या.

“मावशी, वास नाही आला तुम्हाला?”

“सर्दी झालीय गं.”

“लेकीला कळवू का?”

“कळव. मग मला भेटायला तिच्या घरी येत जा.”

शेजारणीने लेकीला कळवलं नाही. त्यानंतर चणे शिजायला लागले की ती काहीतरी मागायच्या निमित्ताने डोकावून जायची. पुढच्या आठवड्यात ती माहेरी गेली.

गारठा वाढला होता. मावशींनी खिडक्या लावून घेतल्या, चणे चढवले, तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला, लेकीचा.

“तुझ्यासाठी खोली रिकामी केलीय. ये तर खरी.”

“बघू गं. तीळ ताजे आणलेत या वेळी.”

बोलणं लांबत गेलं. आत पातेल्याच्या कडेवरून फेस ओघळत होता. बऱ्याच वेळाने मावशी फोन कानाला धरूनच स्वयंपाकघरात आल्या, शेगडीकडे वाकून पाहिलं, लायटर उचलला.

“थांब हं, गॅस विझलाय वाटतं. पेटवते, मग बोलू.”