बाहीवरच्या अडीच फिती

दुसरं महायुद्ध संपलं त्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीला साताऱ्याहून एक स्थळ आलं. मुलगा आरमारात, वय एकतीस, नेमणूक ब्रह्मदेशातल्या एका बंदरावर. पत्रासोबत फोटो होता. कोरेगावजवळच्या आमच्या गावात तेव्हा चौसष्ट उंबरे. त्यांतल्या सत्तावीस घरांतलं कोणी ना कोणी पलटणीत होतं. आरमारात एकही नाही.

आमचे आबा पेन्शनीत निघालेले सुभेदार, चुलते हवालदार. दोघं एकदाच बोटीनं बसऱ्याला गेले होते, पण तो प्रवास ओकण्यातच गेला. फोटो हातात आल्यावर त्यांनी पलटणीच्या सवयीनं चेहऱ्याआधी बाही पाहिली.

“दोन फिती,” आबा म्हणाले. “म्हंजे नाईक.”

“आवं दादा, नीट बगा. मदी एक बारकी हाय. अडीच!” चुलते म्हणाले. “तिसरी लावाया घेतली आन् शिंप्याचा दोरा सपला.”

आबा हसले नाहीत. सुभेदाराची मॅट्रिक झालेली लेक नाईकाला द्यायची नाही, नकाराचं पत्र लिही, असं त्यांनी मला सांगितलं. मी तेव्हा बावीस वर्षांचा, शाळेत शिक्षक. अर्धी फीत हा प्रकार मला पटेना. शिवाय पलटणीतल्या फिती दंडावर, कोन केलेल्या. या मनगटाशी आणि आडव्या. रविवारी सायकल काढून बारा मैलांवरचा सातारा गाठला.

मुलगा रजेवर घरीच होता. त्यानं कागदावर एक, दोन, अडीच, तीन, चार अशा रेघा ओढल्या, पुढं हुद्दे लिहिले आणि अडीचच्या शेजारी लिहिलं, ‘पलटणीतल्या मेजरच्या बरोबरीचा’.

आबांनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला.

“म्हंजे जावई वसरीवर आला की म्या सॅलूट ठोकायचा?”

“लग्नात पाय धुनारच की तुमी त्याचे,” आतून बहीण म्हणाली. “त्यापरास सॅलूट बरा.”

चुलत्यांना ठसका लागला.

बहिणीला हुद्द्याचं काही नव्हतं. पण त्या बंदरावर अजून लष्करी अंमल आहे, कोणती होडी कधी सुटायची तेही हाच ठरवतो, असं मी तिला कौतुकानं सांगितलं, तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली.

“असल्या मानसासंगं जलम काढायचा,” ती म्हणाली, “तर त्याला एक इचारायचं हाय.”

गुरुवारी ते पाहायला आले. त्यांच्याकडचे अकरा प्रश्न झाले, त्यांतले सात स्वयंपाकाचे. मग मुलाच्या मामांनी रिवाजाप्रमाणे म्हटलं, “बाळ, तुला काही विचारायचंय का?” अशा वेळी मान हलवून नाही म्हणायचं असतं.

“तिथल्या माणसाला तुमचा हुकूम चुकीचा वाटला, तर तो दाद मागायला कुठं जातो?” तिनं विचारलं.

आबांनी कप खाली ठेवला.

“माझ्याकडेच,” तो म्हणाला. “एका कोळ्याची होडी मी संशयावरून अडकवली होती. तो चारदा आला, चारदा परत पाठवला. पाचव्यांदा कागद पुन्हा वाचले. चूक माझी होती. होडी दिली, पण तोवर त्याचा मासळीचा हंगाम गेला होता.”

“मग?”

“आता पहिल्याच खेपेला वाचतो.”

पाहुणे गेल्यावर आबा उखडले. “अगं, केवढा मोठा अधिकारी! भर बैठकीत त्याला चूक कबूल कराया लावलीस?”

“म्या कुटं लावली? त्यानं आपनहून सांगितली,” बहीण म्हणाली. “होकार कळवा.”

पत्र मीच लिहिलं. तिच्या सांगण्यावरून शेवटी एक ओळ जादा घातली, त्या कोळ्याचं पुढं काय झालं तेही कळवावं.