न्हाणीघराचं दुसरं दार

पाचगणीतल्या कर्नलच्या बंगल्याच्या किल्ल्या रंगुबाईच्या कमरेला आल्या, आणि त्याच दिवशी तिच्या नवऱ्याचं, कोंडीबाचं, डोकं फिरलं. मालकीणबाईंची यात काही चूक नव्हती. पुण्याच्या संयोगिताबाई दर खेपेला बघत होत्या, की राखणदार म्हणून पगार खाणारा कोंडीबा भर दुपारी तर्र होऊन व्हरांड्यात आडवा, आणि घर राखतंय कोण, तर त्याची बायको. त्यांनी सरळ जुडगा त्याच्याकडून काढून तिच्या हातात दिला. तोही चारचौघांत. झालं!

वडूजकडच्या माळावरून, मेंढरं राखणाऱ्या घरातून, रंगुबाई लग्न होऊन इथं आली. मार पहिल्याच वर्षी सुरू झाला. कालवणात मीठ जास्त, मार. मीठ कमी, तरी मार. एकदा दाढ तुटून हातात आली तेव्हा सासू धोंडुबाई म्हणाली, "म्होरचा दात न्हाई गेला, नशीब समज." आग लागो असल्या नशिबाला! नोकरांच्या खोलीत हे असं, म्हणून रंगुबाईचा जीव बंगल्यातच रमायचा. तिथं पुसायला गेलं की घटकाभर कुणी अंगावर यायचं नाही.

बंगला राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीतला. कुणा कर्नलनं आजारी मडमेला थंड हवा मिळावी म्हणून बांधलेला. जांभ्या दगडाच्या हातभर जाड भिंती, उतरत्या छपरावर दोन धुराडी, व्हरांड्याला कातीव लाकडाची झालर, आणि पुढच्या दाराला लाल-निळ्या काचा. मडम पुढच्याच थंडीत गेली म्हणतात. कर्नल गेला, मग पारशी मालक आला, तोही गेला. काचा तेवढ्या राहिल्या.

त्या काचांवर आणि शेकोटीच्या बिडाच्या जाळीवर लोणंदच्या एका जुन्या सामानवाल्याचा डोळा होता. कोंडीबा त्याला शब्द देऊन बसला होता.

"किल्ल्या टाक," मालकीणबाई पुण्याला परतल्या तसं व्हरांड्यात तिला गाठून तो म्हणाला.

"आवं, दुसऱ्याची वस्तू हाय ती. न्हाई द्यायची मी."

'नाही' हा शब्द त्यानं तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पहिल्या तडाख्यात ती खांबावर आपटली. दुसरा बसायच्या आत तिनं पाहिलं, की तो कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलतोय. आजवर लाथ होती, काठी होती, कुऱ्हाड नव्हती. आज हा जिवंत सोडत नाही, हे तिला लख्ख कळलं. ती आत पळाली आणि पुढचं दार लावून घेतलं.

ज्या काचा तो विकणार होता त्याच त्यानं आधी फोडल्या, बघा अक्कल! हात आत घालून कडी काढली. तोवर रंगुबाई जेवणाच्या खोलीत. ते दार सागवानी, पण कुऱ्हाडीपुढं सागवान किती टिकणार? फळी फुटून त्याचं तोंड दिसलं, तशी तिनं शेकोटीतली सळई उचलून जीव खाऊन हाणली. भुवई फाटली. रक्तानं त्याचा डोळा भरला आणि तो बैलासारखा डुरकला.

"भवाने, खांडोळी करतो तुझी!"

या साहेब लोकांच्या घराला बोळ नाही की चौक नाही, खोलीतून खोली, खोलीतून खोली. ती निजायच्या खोलीत शिरली. खिडकीतून उडी मारावी, तर माकडांच्या त्रासापायी पारशानं गज ठोकलेले. दार लोटता लोटता कुऱ्हाडीचं पातं तिच्या दंडात बसलं. मांस उघडं पडलं. ती किंचाळली, पण थांबली नाही. पुढं उरलं फक्त न्हाणीघर.

न्हाणीघराला बाहेरच्या अंगाला दुसरं दार होतं. मैला उचलणाऱ्या माणसानं घरात पाय न टाकता मागच्या मागं यावं, घाण घेऊन जावं, म्हणून कर्नलनं ते ठेवलेलं. आता नळ आले, संडास आले, तो माणूसही गेला. विटाळ मात्र गेला नाही. धोंडुबाईनं सुनेला बजावलं होतं, "त्या दारातनं जी बाई जाईल तिनं माझ्या चुलीला शिवायचं न्हाई." सासू मरून वर्षं लोटली, तरी घरात तोच कायदा. तिकडचा पाइप फुटला तर कोंडीबा पायरीलाही शिवायचा नाही, लांबूनच प्लंबरला शिव्या घालायचा. आणि रंगुबाईनं इतक्या वर्षांत ते न्हाणीघर रोज घासलं, पण त्या कडीला बोट लावलं नव्हतं.

आतासुद्धा तिचा हात कडीपाशी अडला. हसू नका. मरण पाठीशी असतानाही अडतो तो, असलंच आपल्या डोक्यात भरून ठेवलंय.

मागं फळी तडकली. पातं आत आलं, पुन्हा आलं. रंगुबाईनं किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरून गंजक्या कडीवर घातला. एकदा, दोनदा. कडी उडाली आणि ती दगडी पायऱ्यांवरून गडगडत खाली मातीत पडली.

वर दारात कोंडीबा आला. तोंड रक्तानं माखलेलं, हातात कुऱ्हाड, चार पायऱ्या उतरायचा अवकाश. तिनं डोळे मिटून घेतले.

कुणी आलं नाही. तिनं डोळे उघडले. कोंडीबा उंबऱ्याच्या आत उभा होता. पाय पुढं यायचा, हवेत थरथरायचा आणि परत मागं जायचा. बायकोचा मुडदा पाडायला निघालेला गडी, पण त्या दारातून बाहेर पडायला धजेना! आता बोला!

"बाटलीस!" तो वरूनच बोंबलला. "आता माझ्या चुलीला शिवायचं न्हाई! माझ्या घरात पाऊल टाकायचं न्हाई!"

रंगुबाई त्याच्याकडं बघतच राहिली. मग तिला इतकं हसू फुटलं, की दंडातून कळ मस्तकात गेली, तरी ते आवरेना.

"न्हाई शिवत," ती म्हणाली. "आईच्यान न्हाई शिवत. तुमची चूल तुमाला."

तिनं पदर फाडून दंडाला आवळला, उठली आणि फाटकातून बाहेर पडून पोलीस चौकीच्या रस्त्याला लागली. पुढच्या दारानं वळसा घालून यावं, तर बाटलेलीला शिवावं लागणार; कोंडीबा उंबऱ्याच्या आतूनच ओरडत होता.