बाईंनी दिलेला कोट

बाईंनी छत्रीच्या टोकानं कोटाचा काठ उचलला आणि पाहुण्या बायकांना दाखवला. कोट माझ्या अंगात होता.

"लांब होतोय. पण पॅरिसात हिच्याकडं बघतंय कोण?"

सगळ्या हसल्या.

बंगळूरच्या मल्लेश्वरममधला तो बंगला पुण्याहून आलेल्या एका बड्या इंजिनिअरचा. माझी आई तिथं मागच्या दारी भांडी घासायची. मी रसायनशास्त्रात पहिली आले, फ्रेंच शिकले, पॅरिसची शिष्यवृत्ती मिळवली. बाईंच्या मुलीनंही तीच मागितली होती. तिला मिळाली नाही. कोट तिचाच. जुना. बाईंनी तो मला हातात दिला नव्हता, फरशीवर टाकला होता. देश स्वतंत्र होऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. शिवाशिव कायद्यानं गेली होती. त्या दिवाणखान्यातून नव्हती गेली.

टाचण्या लावायच्या होत्या. मला हात कोण लावणार?

"गंगू, तूच लाव," बाई आईला म्हणाल्या. "कुठं ते आम्ही सांगतो."

आई माझ्या पायाशी बसली. बाई छत्रीनं दाखवत होत्या. इथं. जरा वर. टोक पोटरीला टोचत होतं. आई तिथं टाचणी लावत होती.

"रविवारी आमच्या महिला मंडळात तुझा निरोप समारंभ ठेवलाय," बाई म्हणाल्या. "हाच कोट घालून ये. चार शब्द बोल. आम्ही तुला माणसात आणलं, ते सांग."

माणसात आणलं.

घरी, चामराजपेटेत, आई ट्रंक भरत होती. सुती साड्या. चटणीचा डबा. आमची घोंगडी कापून शेजारच्या शिंपी अण्णांनी शिवलेलं जाकीट. सगळ्यात वर तिनं कोट ठेवला. मी तो बाहेर काढला.

"तिथं लई थंडी असते म्हणतात," आई म्हणाली. "सरी, बरं म्हण आणि घे. स्वल्प वाकलं तर काय जातंय आपलं?"

"तू वाकलीस तेवढं पुरे."

रविवारी मी सुती साडी नेसले, वर ते जाकीट. कोट हातात घेऊन मंडळात गेले. बाई पहिल्या रांगेत होत्या. मी कोट टेबलावर ठेवला आणि बोलले.

"माझी आई बाहेर फाटकाशी उभी आहे. तिला कुणी आत बोलावलं नाही. मला तिनं शिकवलं. हा कोट या बाईंनी दिला, फरशीवर टाकून. माप छत्रीच्या टोकानं घेतलं, कारण त्यांना माझ्या अंगाला हात लावायचा नव्हता. मी माणसातच होते. त्या दिवाणखान्यात माणसं कोण होती, ते तुम्ही ठरवा."

कुणी टाळी वाजवली नाही. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मी तो पोटभर बघून घेतला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आईचं काम गेलं. त्या गल्लीत दुसऱ्या कुठल्याच घरानं तिला ठेवलं नाही. ती माझ्याशी बोलेना. स्टेशनवर एवढंच म्हणाली, "वेळेवर जेव."

पॅरिसात झुळझुळीत कपड्यांच्या बायका माझ्या जाकिटाकडं वळून बघायच्या. बघोत. कुणी छत्रीनं उचललं नाही.

वर्षभरानं इंजिनिअरसाहेब सरकारी कामासाठी इथं आले. माझ्या खोलीचा जिना चढून आले.

"झालं गेलं विसरून जा," ते म्हणाले. "आमची मुलगी शिकायला येतेय इथं. तिच्या राहण्याचं बघ."

मी त्यांना दारातच उभं ठेवलं.

"आधी बाईंना माझ्या आईची माफी मागायला सांगा. मंडळातल्या सगळ्या बायकांसमोर."

"फार चढलीस तू," ते म्हणाले.

मी दार लावून घेतलं.

बाई अजून आईकडं माफी मागायला गेलेल्या नाहीत. जाणारही नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी माफीची वाट बघणार नाही, ती घ्यायला जाणार आहे. बंगळूरला उतरले की आईला घेऊन त्या बंगल्यात पुढच्या दारानं शिरेन. दिवाणखान्यातल्या खुर्चीवर तिला बसवीन. आई घाबरेल, चल म्हणेल. बाई ओरडतील, गडी बोलावतील. बोलावू देत. माफीचे शब्द कानावर पडेपर्यंत मी तिथून कुणाला उठू देणार नाही. बाईंना नाही. आईलाही नाही.