सेल्वीची कट्टै

तिसऱ्या टेकलाही वरच्या स्वरावर सेल्वीचा आवाज फाटला आणि विनोद सरांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"बाई, पुरे झालं. गाईड ट्रॅकच ठेवू. पडद्यावर ही दिसेल, आवाज गाईडवालीचा राहील."

गाईड ट्रॅक म्हणजे मुख्य गायिकेला चाल कळावी म्हणून दुसऱ्या कुणीतरी आधी गाऊन ठेवलेलं गाणं. काम झालं की ते पुसायचं असतं.

विनोद सर चेन्नईच्या एका चॅनेलचे म्युझिक प्रोड्यूसर. चॅनेलची नवी मालिका कुंभकोणममधल्या चार मुलींच्या पॉप बँडवर होती. ऑडिशन घेऊन चार मुली निवडल्या, बँड उभा केला आणि मालिकेबरोबर त्यांचा पहिला अल्बम खरोखरच बाजारात आणायचं ठरलं. रेकॉर्डिंग तिथल्याच माझ्या स्टुडिओत. गाणी मात्र मुली सापडायच्या आधीच चेन्नईत तयार झाली होती. नवरा ठरायच्या आधी त्याचा सदरा शिवून ठेवावा, तसला प्रकार.

सेल्वी मुख्य गायिका. वय एकोणीस, घर जवळच्या साक्कोट्टैला. लहानपणापासून तिथल्या शिवमंदिरात तेवारम्, म्हणजे शंकराची जुनी तमिळ पदं गात आलेली. काचेपलीकडे बूथमध्ये ती उभी होती आणि आमचं बोलणं आत पोचवणारं टॉकबॅकचं बटण मी चालूच ठेवलं होतं. विनोद सरांचं बोलणं तिने शब्द न् शब्द ऐकलं.

"मॅडम, मग मी घरी जाऊ?" तिने विचारलं.

मला शरमेने मेल्यासारखं झालं. मी तिला म्हटलं, ट्रॅक विसर, मंदिरात गातेस तसं काहीही गा. ती गायली. आवाज भरलेला, ठाम, कुठेही ओढाताण नाही. मी कीबोर्डवर तिचा सा शोधला. साडेचार कट्टै.

महाराष्ट्रात गायकाला काळी चार की पांढरी पाच विचारतात, तसं आमच्याकडे कट्टै विचारतात. कट्टै म्हणजे पट्टी. कावेरीकाठचा कुठलाही वाजंत्री पाहुण्या गायकाला कॉफीच्या आधी कट्टै विचारतो. मीही तीस वर्षं तेच केलं. या वेळी ट्रॅक आयते आले आणि मी विचारलंच नाही. गाणी सहा कट्टैत होती, गाईड गाणाऱ्या बाईंच्या बारीक, उंच आवाजाला बेतलेली. चूक चेन्नईची होतीच, पण तिच्यावर माझीही सही होती.

गाणी खाली उतरवू या, असं मी म्हटल्यावर विनोद सर वैतागले. हे वरातीमागून घोडं झालं, शूटिंग संपलंय, मुलींनी याच गाण्यांवर ओठ हलवलेत, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं की पट्टी उतरते, वेग तोच राहतो, ओठांना काही कळत नाही. एक गाणं करून दाखवते. त्यांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत मुदत दिली.

कीबोर्डचं काम माझा धाकटा भाऊ रामू बघतो. आम्ही तंजावर मराठी, घरात अजून जुनीच भाषा. तासाभराने त्याने हात टेकले.

"अक्का, बाकी सगळें उतरवलें. नागस्वर मज उतरत नाहीं. ओढून खालीं आणलें तर म्हशीसारखें हंबरतें."

नागस्वर म्हणजे सनईचा लांबलचक दक्षिणी भाऊ. त्याची पट्टी बदलायची तर वाद्यच बदलावं लागतं. तिरुनागेश्वरम्‌च्या देवळात वाजवणाऱ्या कलियपेरुमाळ अण्णांकडे हवं तेवढ्या लांबीचं नागस्वर होतं. पण ते देवाच्या सेवेचं. दुसऱ्याच्या दारात ते जात नाही. स्टुडिओत तर नाहीच नाही. मी हट्ट धरला नाही. नुसती त्यांच्या ओसरीवर बसून राहिले. शेवटी तेच म्हणाले, "सकाळची सेवा झाली की मी इथेच साधना करतो. ऐकायला कुणाला बंदी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन माइक आणि रेकॉर्डर घेऊन ऐकायला गेले. अण्णांनी एका कानाला हेडफोन लावला, गाणं ऐकलं आणि मान हलवली. राग मोहनम् आहे, देवाला चालेल, म्हणाले. पहिला टेक स्कूटरने घालवला, दुसरा कावळ्याने. तिसरा स्वच्छ मिळाला.

दुपारी सेल्वी गायली. एकच टेक. बाकी तिघींना कोरस होता आणि खालची पट्टी त्यांनाही मानवली. पाच वाजता विनोद सरांनी गाणं दोनदा ऐकलं. कौतुक वगैरे काही नाही.

"उरलेली सहा?" त्यांनी एवढंच विचारलं.

हातात चार दिवस होते. आम्ही जिवाचं रान केलं. सातातली पाच गाणी झाली. उरलेल्या दोनमध्ये वाद्यांचा ताफा मोठा, सगळा चेन्नईत वाजवलेला, नागस्वरासारखाच न उतरणारा. ती नाही जमली. तिथे गाईडचा आवाज राहिला. अल्बमवर छापायच्या नावांची यादी चॅनेलकडून आली, तर सातही गाण्यांपुढे सेल्वीचं नाव.

यादीवर सेल्वीची सही हवी होती. तिने कागद वाचला आणि परत केला.

"ही दोन मी गायले नाही. ज्या गायल्या त्यांचं नाव घाला."

गाईडवाल्यांची नावं कुणी छापत नाही, असं विनोद सरांनी समजावलं. मग जरा आवाज चढवून पुन्हा समजावलं.

"मग माझी पाचही काढा," ती म्हणाली.

मी घाबरले. इतके दिवस जिच्यासाठी धडपडले, ती पोर हातचं घालवून बसणार असं वाटलं. तोंडापर्यंत आलं होतं, कर बाई सही. कसंबसं गिळलं. विनोद सरांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी केबल गुंडाळायला घेतल्या. शेवटी त्यांनी पेन काढून यादीत दोन ठिकाणी नाव बदललं.

अल्बम आला. आठवड्याने त्या गाईड गाणाऱ्या बाईंचा फोन आला. अकरा वर्षं त्या इतरांसाठी गाईड गात होत्या. नाव पहिल्यांदाच छापून आलं होतं. मला वाटलं आभार मानतील. त्यांनी फक्त सेल्वीचा नंबर मागितला आणि तो लिहून घेताना त्यांना रडू फुटलं.

तेव्हापासून मी फायनल मिक्स हातात द्यायच्या आधी नावांची यादी मागून घेते आणि कोण काय गायलं ते ताडून बघते. पुष्कळांना राग येतो. येऊ दे.